आवाज गेला म्हणजे सेटिंग झाले?

“हायड्रॉलिक टॅपेटला सेटिंग नसतं. इंजिन चालू करा, तेल चढलं की खडखड आपोआप जाईल.” कॅम बदललेल्या बुलेटबद्दलचे हे मत जतच्या गॅरेजात ऐकू येते, तसेच सांगली-कोल्हापुरातही. हे अडाण्याचे मत नव्हे. २००९ साली आलेल्या क्लासिकच्या ‘युसीई’ इंजिनात टॅपेट फिरवायला स्क्रूच नाही. पुशरॉड ठरावीक लांबीचे, खाली हायड्रॉलिक लिफ्टर. जे फिरवताच येत नाही ते सेट काय करणार, असा हा पूर्वपक्ष. कॅम, हेड आणि पॅकिंग तिन्ही कंपनीच्या मूळ मापाचे असतील, तोवर तो खराही आहे.

पण जतसारख्या ठिकाणी तिन्ही मूळ मापाचे सापडणे अवघड. जुना कॅम फेकायला कोणी तयार नसतो, तो घासायला जातो. हेडला फेसिंग मारून घेतलेले असते. व्हॉल्व्हच्या सीट कापलेल्या असतात. मग लिफ्टरकडून अपेक्षा अशी की या सगळ्या मापांतली चूक त्याने गुपचूप पोटात घालावी.

लिफ्टरला पोट आहे, पण लहान. आत एक प्लंजर, त्याखाली मऊ स्प्रिंग, तळाशी तेल अडवणारी गोळी. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून सगळी ढिलाई खाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेल शिरते. कॅमचे टोक वर आले की गोळी वाट बंद करते. अडकलेले तेल दबत नाही, म्हणून लिफ्टर तेवढ्यापुरता भरीव लोखंडासारखा वागतो. हे घडायचे तर व्हॉल्व्ह बंद असताना प्लंजर वरच्या कडीपासून थोडा खाली दाबलेला हवा आणि तळालाही टेकलेला नको. किती खाली, तेच प्रीलोड. मोठ्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत हे माप साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर धरतात. इतर इंजिनांत आकडा बदलेल. सगळी प्लंजरची चाल काही मिलिमीटरच. ‘आपोआप’ जे काही होते ते एवढ्या जागेत.

आता हिशेब करू. कॅमला जास्त लिफ्ट द्यायची तर घासणारा पोटाचा, म्हणजे बेस सर्कलचा, भाग कमी करतो. व्हर्नियरवर व्यास १ मिलिमीटरने कमी दिसला, तर लिफ्टर खाली बसतो अर्धाच मिलिमीटर, कारण फरक त्रिज्येचा. (व्यासाचाच आकडा टॅपेटला लावणारे हुशार फिटरही असतात.) प्रीलोड ०.५ मिमीने घटले. हेड ०.३ मिमी फेस केले, तर रॉकर कॅमच्या तेवढा जवळ आला आणि प्रीलोड ०.३ ने वाढले. सीट कापल्याने व्हॉल्व्ह ०.३ मिमी आत बसला, म्हणजे त्याच्या दांड्याचे टोक रॉकरकडे तेवढे वर सरकले. रॉकरचे प्रमाण दीडपट धरले तर पुशरॉडच्या बाजूला ते ०.२. एकूण बेरीज शून्य! गाडी गुपचूप चालली आणि मिस्त्रीच्या हाताला यश आले. दोन वर्षांनी कोणी त्याच हेडवर कंपनीचा नवा कॅम बसवला की प्रीलोड एकदम अर्ध्या मिलिमीटरने वाढते. प्लंजरला खाली जागा उरली असेल तर निभावते. नसेल तर दोष ‘डुप्लिकेट’ कॅमच्या माथी.

विरोधकांचा नेहमीचा प्रश्न: मग कंपनी स्क्रू का देत नाही? कारण कारखान्यात प्रत्येक भागाचे माप राखले जाते आणि सगळ्या फरकांची बेरीज प्लंजरच्या चालीत मावेल, एवढी काळजी आधीच घेतलेली असते. तो भरवसा कारखान्यातल्या मापांचा आहे, तीन वेगवेगळ्या लेथवर घासलेल्या भागांचा नव्हे.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे, आणि तो कानाचा आहे. आवाज नाही म्हणजे सेटिंग बरोबर. हायड्रॉलिक टॅपेट मोटारींत रुजले तेच शांततेसाठी. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये ते होते आणि तिथे गिऱ्हाईकाला विकायची गोष्ट शांतता हीच होती. पण प्रीलोड कमी पडले तरच खडखड होते. जास्त झाले तर इंजिन मूकच राहते. प्लंजर तळाला टेकतो, व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळते. थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरते, आयडलिंग अडखळते, आणि संशय प्लगवर किंवा बॅटरीवर जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधून बाहेर जाते. टेकणेच कमी झाले की तो जळतो. म्हणून कानापेक्षा मापाचे ऐकावे, हे माझे मत.

जुन्या मिस्त्रींची अडचण मी समजू शकतो. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली त्या सांगली जिल्ह्यात ऑइल इंजिन आणि फिलर गेज हाताळत पिढ्या घडल्या. जुन्या बिडाच्या बुलेटला तर फिलरही लागत नसे. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, पुशरॉड बोटांनी मोकळा फिरायला हवा पण वर-खाली हलायला नको. तिथे टॅपेट भरीव, म्हणून ही परीक्षा चोख. हायड्रॉलिक लिफ्टरवर तीच बोटे फसवतात. आतली स्प्रिंग इतकी मऊ की प्लंजर बराच दबल्यावरही पुशरॉड सहज फिरतो आणि शून्य कुठे होते ते कळतच नाही. इथे फिरवून नव्हे, वर-खाली हलवून पाहायचे.

लांबी बदलता येणारा तपासणीचा पुशरॉड घ्यावा. कॅमचे पोट लिफ्टरखाली असताना तो हळूहळू लांबवावा आणि वर-खालीचा प्ले संपला की थांबावे. ही शून्याची लांबी. बसवायच्या पुशरॉडच्या लांबीतून ती वजा केली की प्रीलोड हाती येते. ते त्या लिफ्टरच्या मर्यादेबाहेर असेल तर वेगळ्या लांबीचा पुशरॉड हवा. आवाज जाईल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. लिफ्टर आधीच तेलाने भरलेले असतील, तर जुळणी झाल्यावर प्लंजर खाली बसेपर्यंत थांबून मगच इंजिन फिरवावे. नाहीतर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. आणि कॅम घासायला देण्यापूर्वी त्याच्या पोटाचा व्यास कागदावर लिहून ठेवावा, कारण घासल्यानंतर तो कॅमवरून काढता येत नाही.