पेरणी, प्रवेश आणि जामीन

मृग बरसला की आपल्या परभणी जिल्ह्यात दोन कामे एकदमच दारात येऊन उभी राहतात. एक पेरणी आणि दुसरे मुलामुलींचे कॉलेजचे प्रवेश. कापूस-सोयाबीनचे बी, खत आणि मजुरी यांत हातचा पैसा संपतो आणि त्याच सुमारास फी भरायची तारीख लागते. शेताचा पैसा येणार दिवाळीच्या आगेमागे. कॉलेज मागणार जुलै-ऑगस्टमध्ये. या तीन-चार महिन्यांच्या फटीतच सावकार बसलेला असतो.

फी किती, हे आपण सगळेच विचारतो. पण शिक्षणाच्या इतिहासात त्याहून मोठा प्रश्न आहे, तो म्हणजे जामीन कोण राहणार? गरिबाचे पोर शिकले तेव्हा त्याच्यासाठी कोणीतरी जामीन उभे राहिलेले दिसते. कधी संस्थानिक, कधी मित्र, कधी सरकार. आजच्या शैक्षणिक कर्जाची कागदपत्रे समजून घ्यायची तर ही मागची वाट एकदा पाहायला हवी.

निजामाच्या राजवटीत आपल्या भागाचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. ते १९१८ साली स्थापन झाले आणि तिथले शिक्षण उर्दूतून होते. मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्गामुळे परभणी हैदराबादशी जोडलेली होती. पण रेल्वे होती म्हणून खर्च थोडाच टळतो? फी भरली तरी परक्या शहरातली खोली, खानावळ, सुट्टीचे जाणे-येणे हे सगळे उरतेच. त्यात शिक्षणाची भाषा घरची नाही. म्हणजे अंतर हीच मराठवाड्याच्या विद्यार्थ्याची पहिली फी होती.

त्याच काळात एक करार झाला होता. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. आपण तिला शिष्यवृत्ती म्हणतो, पण तिला अट होती. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. म्हणजे ते एक प्रकारचे कर्जच, फक्त पैशाऐवजी सेवेने फेडायचे. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १९१७ साली बाबासाहेब नोकरीवर रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. ती नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. १९२० साली लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला ते निघाले, तेव्हा साठवलेल्या पैशांत राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांची भर होती. कर्ज काढून शिकता येते, पण ते फेडायला समाजाने नोकरी करू द्यावी लागते, हा धडा या हकिकतीत आहे. पुढे याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आपले मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या गोरगरिबांचे कॉलेज त्यामुळे हैदराबादपेक्षा जवळ आले.

स्वातंत्र्यानंतर जामीनकी सरकारकडे आली. १९५६ साली परभणीला कृषी महाविद्यालय निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पाठोपाठ १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफी दिली. जुनी माणसे आजही तिला ‘ईबीसी’ म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला वर्षाला ९०० रुपये होती, पुढे ती १२०० झाली. आकडा आज किरकोळ वाटेल, पण कोरडवाहू कुळाच्या पोराला त्याने कॉलेजचे दार उघडले. मामलेदाराच्या कचेरीतला उत्पन्नाचा दाखला, एवढाच काय तो जामीन! १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ झाले आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आले. अंतराची फी अशी टप्प्याटप्प्याने उतरत गेली.

कर्जाचा विचारही सरकारने लवकर केला होता. केंद्राची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती १९६३ साली सुरू झाली. ती बिनव्याजी होती. कर्ज घेतलेला विद्यार्थी शिक्षकी पेशात गेला, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. बडोद्याच्या कराराचाच हा सरकारी अवतार म्हणायचा. पण वसुली नीट होईना आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही योजना गुंडाळली गेली.

तोपर्यंत इकडे वारे फिरले होते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, तशी फीही वाढली. ‘डोनेशन’ हा शब्द खेडोपाडी पोचला. कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा राज्याने १९८७ सालचा म्हणून केला, यावरूनच दुखणे किती वाढले होते ते कळते. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी वाटणी घालून दिली. २००२ साली तीही मोडीत निघाली. फी ठरवायला समित्या आल्या, पण फी कॉलेजच्या खर्चावर ठरू लागली, बापाच्या उत्पन्नावर नव्हे.

ही फट भरायला २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. तिचे मुख्य कलम आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. पालकाने सहकर्जदार म्हणून सही करायची, एवढेच. तरीही बाप बँकेत जातो तो सातबारा पिशवीत घालूनच. जमीन गहाण ठेवल्याशिवाय पैसा मिळत नाही, हे तीन पिढ्यांनी त्याला शिकवले आहे.

आता हिशोब पाहू. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख कर्ज, व्याज सोपेपणासाठी दहा टक्के सरळ धरू. शिकताना हप्ता नाही, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवड. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असे नव्हे. पहिल्या वर्षी दहा हजार, मग वीस, तीस, चाळीस आणि सवडीच्या वर्षाचे चाळीस. बेरीज एक लाख चाळीस हजार. चार लाखांचे कर्ज पहिल्या हप्त्याआधीच पाच लाख चाळीस हजार झालेले असते. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी हे मधल्या काळाचे व्याज सोसणारी केंद्राची योजना २००९ सालापासून आली. तिला अभ्यासक्रमाच्या आणि संस्थेच्या अटी आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक ८६० संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्जाची सोय झाली. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, दुसरी सरकारी सवलत नसेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मधल्या काळात तीन टक्के व्याजसवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाच्या आधी पाहावे, नंतर नव्हे.

आणि कर्जाच्याही आधी फी कमी होते का ते पाहावे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना वेगळी आहे. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र या सवलती शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला आहेत; व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की त्या गेल्या. आणि खोलीभाडे, मेस, पुस्तके यांचा खर्च माफीनंतरही उरतोच. हैदराबादच्या खानावळीचा तो जुना खर्च अजून आपली पाठ सोडत नाही.

म्हणून पालकांना सांगणे एवढेच. बारावीच्या परीक्षेनंतर निकालाची वाट बघत बसू नका; उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तेव्हाच काढा. कॉलेजकडून चारही वर्षांच्या खर्चाचा लेखी तपशील मागा. बँकेत व्याज किती, ते केव्हापासून, व्याजसवलतीचा अर्ज कोणी करायचा, हे विचारायला लाजू नका. नाही म्हणाले तर नकाराचे कारण लिहून मागा. आणि जी शाखा शिकायची तिच्यात नोकऱ्या कशा आहेत, याची चौकशी सही करण्याआधी करा. बाबासाहेबांची बडोद्याची हकिकत यासाठीच सांगितली.

सातबारा घरी राहू द्या. पेरणीचा पैसा मातीत जाऊ द्या. फीची तरतूद जूनमध्ये नाही, मार्चमध्येच करायला लागा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)