आणीबाणीचे अधिकार आणि संविधानातील बंधने

अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका असल्याचे कारण देऊन राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी २५ जून १९७५ रोजी अनुच्छेद ३५२ अन्वये आणीबाणीची उद्घोषणा केली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून ती झाली. मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. डिसेंबर १९७१ मध्ये युद्धामुळे लागू केलेली आणीबाणीही तेव्हा अंमलात होती, हे सहसा विसरले जाते.

२७ जूनच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागणे बंद झाले. तरीही ‘मिसा’खालील स्थानबद्धांचे देहोपस्थिती अर्ज ऐकता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ते अमान्य केले. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. य. वि. चंद्रचूड होते. पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्या. हंसराज खन्ना यांनी सुनावणीत विचारले होते. तेव्हाही न्यायालयीन उपाय नाही, असे उत्तर ॲटर्नी जनरल निरेन डे यांना द्यावे लागले. विरोधी निकाल एकट्या खन्ना यांचा. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. मंत्रिमंडळाची लेखी शिफारस आवश्यक झाली. संसदेची मान्यता महिन्याच्या आत आणि विशेष बहुमताने, पुढे दर सहा महिन्यांनी. लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी नोटीस दिल्यास उद्घोषणा नामंजूर करण्याच्या विचारासाठी १४ दिवसांत विशेष बैठक भरवावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनुच्छेद २० व २१ आता स्थगित करता येत नाहीत.

१९७६ चा निकाल मात्र २०१७ पर्यंत कायम होता. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्द ठरवला. तसे लिहिणाऱ्यांत न्या. धनंजय चंद्रचूड, म्हणजे य. वि. चंद्रचूड यांचे पुत्र, होते.

त्याच ४४ व्या दुरुस्तीतील एक कलम कधीच अंमलात आलेले नाही. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारे हे कलम लागू करण्याची तारीख ठरवणे केंद्र सरकारच्या हाती आहे. ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्याचे नाकारले. प्रतिबंधक स्थानबद्धतेला आणीबाणीची गरज नसते. त्यामुळे तीन महिन्यांची मुदत आजही लागू आहे.