लल्लाचार्यांची चूक आणि आवळ्याच्या फोडी

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ किती? लल्लाचार्यांचा नियम असा होता : गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ घ्यावे व त्यास परिघाने गुणावे. आता क्षेत्रफळाला लांबीने गुणल्यावर ते क्षेत्रफळ राहतेच कोठे? तरीही एवढ्या मोठ्या ज्योतिर्विदाचा नियम म्हणून तो टिकला. इ.स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी तो नावानिशी खोडून काढला. ज्या लल्लांच्या ग्रंथावर त्यांनी स्वतः टीका लिहिली, त्यांचाच हा नियम होता, हे विशेष.

भास्कराचार्यांचा नियम : परीघ गुणिले व्यास. ग्रीसमध्ये आर्किमिडीजने हेच फार पूर्वी सिद्ध केले होते, पण निराळ्या वाटेने. भास्कराचार्यांची उपपत्ती त्यांच्याच वासनाभाष्यात आहे आणि ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

आवळ्यावर देठापासून खाली उतरणाऱ्या रेषा असतात. तशाच रेषांनी गोलाच्या ९६ फोडी कराव्यात. परीघ ९६ मानला, तर मध्यावर प्रत्येक फोडीची रुंदी १ येते. ९६ का? कारण ज्यासारणीत एका पादात २४ ज्या असतात. आता मध्यापासून टोकापर्यंत अर्ध्या फोडीचे १ उंचीचे २४ तुकडे पाडावेत. टोकाकडे जाताना रुंदी घटते, आणि ती ज्येच्या प्रमाणात घटते. सारे मर्म येथे आहे. २४ ज्यांची बेरीज ५४२३३. तीतून त्रिज्येचे (३४३८) अर्धे, म्हणजे १७१९, वजा केले की उरतात ५२५१४. त्यांना १७१९ ने भागले की पूर्ण फोडीचे क्षेत्रफळ येते : ३० पूर्णांक ३३ कला. परीघ ९६ असलेल्या गोलाचा व्यासही तेवढाच! एक फोड म्हणजे व्यास, तर ९६ फोडी म्हणजे परीघ गुणिले व्यास.

आज आपण गोलाचे पृष्ठफळ दुहेरी संकलनाने काढतो, तेव्हा एक संकलन फोडीच्या लांबीवर चालते, दुसरे फोडींवर. आणि आत जो ‘साइन’ येतो, तो हीच घटती रुंदी. मात्र याला कलनशास्त्र म्हणण्याची घाई नको. तुकडे २४ च राहतात, ते अनंत सूक्ष्म होत नाहीत. व्यासाशी जुळणीही कलांपुरतीच आहे.

भास्कराचार्यांनी भूपरिधी ४९६७ योजने व व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजने धरला. त्यावरून पृथ्वीचे पृष्ठफळ आले ७८,५३,०३४ वर्ग योजने.