आवाज कोणाचा, नाव कोणाचे

श्रोतेहो, १९५७ ते १९६६ या आठ-नऊ वर्षांत अमेरिकेत मुलींच्या गाणाऱ्या मेळ्यांची लाटच आली होती. मेळे म्हणतो खरा, पण हे तीन-चार किंवा पाच मुलींचे. बहुधा कृष्णवर्णीय, साध्या घरांतल्या. एकीने पुढे गायचे, बाकीच्यांनी मागून सूर धरायचा.

आरंभीचे एक मोठे नाव 'शँटेल्स'. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कॅथलिक शाळेत या मुली लॅटिन स्तोत्रे म्हणत. १९५७ अखेर त्यांची 'मेबी' ही तबकडी निघाली, तेव्हा मुख्य गायिका आर्लीन स्मिथ अवघी सोळा वर्षांची होती. देवळात कमावलेला तो उंच, आर्जवी सूर प्रेमाच्या गाण्याला लाभला आणि लोकांनी कान टवकारले.

मग आल्या न्यू जर्सीतील पॅसेक गावच्या चौघी, 'शिरेल्स'. त्यांच्या वर्गातील एका मुलीची आई, फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग, तबकड्यांच्या धंद्यात पडली आणि या चौघींना तिने पुढे आणले. जानेवारी १९६१ मध्ये त्यांचे 'विल यू लव्ह मी टुमारो' हे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिले आले. कृष्णवर्णीय मुलींच्या मेळ्याला हा मान प्रथमच मिळत होता. चाल रचली होती कॅरोल किंगने, वय वर्षे अठरा! शब्द तिच्या नवऱ्याचे. आजची माया उद्या टिकेल का, ही मुलीच्या मनातली शंका त्या गाण्यात मुलीच्याच तोंडून, आडपडदा न ठेवता आली. माझ्या मते या लाटेतले हे सर्वांत प्रामाणिक गाणे.

पण व्यवहार? एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत तुमचा पैसा ठेवीत आहे, असे आम्हाला सांगितले होते. वय झाले, पण ठेव काही हाती आली नाही, अशी शिरेल्सची तक्रार होती. प्रकरण कोर्टात गेले.

याहून विलक्षण गोष्ट 'क्रिस्टल्स' मेळ्याची. १९६२ साली निर्माता फिल स्पेक्टर याच्या हाती 'ही इज अ रेबल' हे गाणे आले. तेच गाणे दुसरी एक गायिकाही गाणार होती, तेव्हा घाई आलीच. स्पेक्टर लॉस एंजेलिसमध्ये, क्रिस्टल्स दूर पूर्वेकडे. थांबतो कोण? त्याने तिथल्याच डार्लीन लव्हला आणि तिच्या साथीदारणींना बोलावले, गाणे ध्वनिमुद्रित केले, ठरलेला मेहनताना दिला आणि तबकडीवर छापले 'क्रिस्टल्स'. नावावर हक्क त्याचा, मग विचारायचे कोणाला? नोव्हेंबरात गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. आता क्रिस्टल्सची पंचाईत अशी, की जे आपण गायलेच नाही ते रंगमंचावर रोज गायचे! मुख्य गायिकेचा आवाज जुळेना, म्हणून पंधरा वर्षांच्या ला ला ब्रुक्सला पुढे उभे करण्यात आले.

आपल्यालाही हा प्रकार अगदीच परका नाही, बरे का! १९४९ च्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते. 'कामिनी' असे चित्रपटातील पात्राचे नाव होते. तिथे निदान पात्र तरी कल्पित होते. क्रिस्टल्स तर हाडामांसाच्या मुली होत्या.

डेट्रॉइटच्या 'सुप्रीम्स'नी १९६४ ते १९६९ मध्ये बारा गाणी पहिल्या क्रमांकावर नेली, हे सर्वश्रुतच आहे. मला अधिक बोलके वाटते ते 'रोनेट्स'चे प्रकरण. दोन बहिणी आणि त्यांची नात्यातली एक बहीण. १९६३ साली त्यांनी स्पेक्टरशी करार केला, 'बी माय बेबी' गाजले. तिघींना मिळून आगाऊ मिळाले पंधरा हजार डॉलरांहूनही कमी, आणि पुढे विक्रीचा वाटा काहीच नाही. १९८८ साली त्यांनी दावा लावला. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तबकड्यांच्या विक्रीवरचा वाटा कराराच्या दराने द्यावा, मात्र चित्रपटांत आणि जाहिरातींत गाणी वापरू देण्याचा हक्क निर्मात्याचाच, त्यात मुलींना वाटा नाही. १९६३ च्या कागदावरील शब्दच तसे होते.

डार्लीन लव्हला २०११ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले, या खेपेस तिच्या स्वतःच्या नावाने. तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती.