रेवसचा जुना धक्का

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा सोसायटीच्या पहिल्या वर्षावर, म्हणजे पाण्याची टाकी आणि पहिल्या सर्वसाधारण सभेतली भांडणं यांवर लिहायचं मी ठरवलं होतं. पण तो विषय आधीच कुणीतरी घेतला आहे असं समजलं. तेव्हा माझ्या कपाटातल्या दोन डझन फोटोंविषयी लिहितो. सगळे फोटो एकाच जागेचे आहेत, रेवसच्या जुन्या धक्क्याचे. आमच्या घरात त्यांना 'बाबांचे दगड' म्हणतात.

आपल्या सोसायटीतल्या मुलांना बोटीने मुंबईला जायचं म्हणजे मांडवा एवढंच ठाऊक. 15 मार्च 2020 ला रो-रो सुरू झाली (आणि टाळेबंदीमुळे काही दिवसांतच बंद पडून पुन्हा सुरू झाली), तेव्हापासून तर गाडीतून उतरायचीही गरज नाही. पण आमच्या आधीच्या पिढ्यांचा मुंबईचा दरवाजा रेवस हाच होता. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव 1981 ला मिळालं. रस्त्याने यायचं तर पनवेल, पेण, मग धरमतरची खाडी तरीने ओलांडायची, त्यात दिवस मोडायचा. त्यापेक्षा लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊंनी बांधलेल्या भाऊच्या धक्क्यावर सकाळी आगबोटीत बसलं, की दुपारच्या जेवणाला माणूस घरी.

चाकरमान्यांसारखेच हवापालटाला येणारे मुंबईकरही असत. मांडवा, किहीम, थळ, अलिबाग हा सगळा पट्टा त्यांचा. डॉ. सलीम अली 1930 साली किहीमला राहिले होते आणि तिथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. नर अर्धं घरटं बांधतो, मग मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर ताबा घेते आणि उरलेलं बांधकाम नर पूर्ण करतो. शिवाय तेवढ्यात तो दुसरं घरटं सुरू करतो! बँकेत गृहकर्जाची प्रकरणं पाहताना मला हे फार आठवायचं. असो.

धक्क्याकडे येतो. आईने मला त्याविषयी आयुष्यात दोनदाच सांगितलं. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, गिरगावात राहून नोकरी करायचा. 17 जुलै 1947, गुरुवार. गटारी अमावास्या, त्यामुळे गावी निघालेल्यांची बोटीला गर्दी. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. बोटीचं नाव 'रामदास'. 1936 साली ब्रिटनमध्ये बांधलेली ही बोट इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची होती. तोंडात बसणारं नाव नव्हे, म्हणून लोक तिला नुसतं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. गोऱ्यांच्या कंपन्यांसमोर उभी राहिलेली स्वदेशी कंपनी, म्हणून लोकांना तिचा अभिमान होता. तिच्या नावातही आपल्यासारखंच को-ऑपरेटिव्ह होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बोट सकाळी आठला सुटली. बाहेर पडल्यावर वारा आणि पाऊस वाढला, लाटा आत येऊ लागल्या. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट कलली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सुटल्यापासून जेमतेम अर्धा-पाऊण तास झाला होता. आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण सहाशेहून जास्त माणसं गेली.

आई तेव्हा वीस वर्षांची. ती आणि आजोबा पहाटेच बैलगाडी जोडून मामाला आणायला रेवसला आले होते. साडेनऊ झाले, दहा झाले, अकरा झाले. पाऊस असा, की पलीकडचं काही दिसत नव्हतं. अमावास्येला आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असते. ते पाणी चढत चढत धक्क्याच्या कडेला आलं, तरी बोट नाही. समुद्राकडे बघत उभी असलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, असं आई म्हणायची. या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून काही जणांना वाचवलं. मामा त्यांत नव्हता. पुढचे काही दिवस आजोबा किनाऱ्याने फिरत होते, कारण ठिकठिकाणी प्रेतं लागत होती. मामा त्यांतही नव्हता.

आई त्यानंतर कधी बोटीत बसली नाही. मी लहान असताना आम्ही नेहमी एसटीनेच मुंबईला गेलो. 'आपल्याला बोट लागते' एवढंच कारण आम्हाला सांगितलेलं.

2009 साली, सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, मी एक डिजिटल कॅमेरा घेतला आणि पहिल्याच रविवारी रेवसला गेलो. फुकट खेप झाली. अष्टमी होती. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे ना धड भरती ना धड ओहोटी. धक्क्याचे खालचे दगड उघडे पडलेच नाहीत. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी विचारलं, कशाचे फोटो काढताय? मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग अवसेला या ना, सांजच्याला. मी कोकणातला माणूस असून हे मला त्यांनी सांगावं लागलं.

पुढच्या अमावास्येला संध्याकाळी पाचला पोहोचलो. उधाणाची भरती दुपारी, तर ओहोटी सहाच्या सुमारास. पाणी पार लांब गेलेलं, चिखल उघडा, आणि उतरत्या उन्हात काळे दगड तळापर्यंत दिसत होते. त्यांवर कालवं चिकटलेली, मधल्या फटींत चिखल भरलेला. दोर बांधायच्या लोखंडाचे गंजून बोटाएवढे राहिलेले तुकडे. कडेचे काही दगड दोरांच्या घासण्याने गुळगुळीत झालेले होते. ते मी सगळ्यात जास्त टिपले.

प्रिंट काढून आईला दाखवल्या. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. मला वाटलं होतं, ती बघणारच नाही. तिने चष्मा मागून घेतला, एकेक फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "एवढाच होता होय रे? तेव्हा केवढा वाटला होता." मग एका फोटोत चहाच्या टपरीवर बोट ठेवून म्हणाली, "गाडी इथे सोडली होती आम्ही." तो फोटो तिने स्वतःकडे ठेवून घेतला.

यंदा मी पुन्हा गेलो, अमावास्या बघूनच. गाळ वाढला आहे. 2009 ला दिसलेले सगळ्यात खालचे दगड आता दिसत नाहीत. रेवस-कारंजा पुलाचं काम सुरू झालं आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून आम्ही या पुलाविषयी ऐकत आलो आहोत. पूल व्हायलाच हवा. लाँचने पंधरा मिनिटांवर असलेल्या कारंजाला गाडीने जायचं तर पेणचा वळसा घालावा लागतो, हे काही शहाणपणाचं नाही. पण पूल झाला की धक्क्याकडे कोण फिरकणार? म्हणून मी जुन्याच जागांवर उभं राहून तेच फोटो परत काढले.

एक फोटो मात्र माझ्याकडे नाही आणि तो मला काढताही येणार नाही. आगबोट लागलेली आहे, माणसं उतरताहेत, अशा गजबजलेल्या धक्क्याचा. मामाचा जो एकमेव फोटो आहे तो स्टुडिओतला, मागे रंगवलेला पडदा. धक्क्यावर सगळेच घाईत. तिथे कोण फोटो काढणार? तरी आपल्या सोसायटीत चौल, सासवणे, थळ, नागाव, पेण अशा ठिकाणची घरं आहेत. कुणाच्या जुन्या अल्बममध्ये, एखाद्या नव्या जोडप्याच्या किंवा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या मागे, थोडासा जरी रेवसचा धक्का दिसत असेल, तर तो फोटो मला एक दिवसासाठी द्यावा. स्कॅन करून दुसऱ्या दिवशी घरपोच परत करीन. पावतीही देईन.