माहेरचें गोत्र

रविवार, १८ डिसेंबर २०२२ रोजीं रात्रीं वाशीम येथें एका स्नेह्यांच्या घरीं जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पाहण्याचा योग आम्हांस आला. यजमान फ्रान्सच्या बाजूचे, त्यांच्या पत्नी अर्जेंटिनाच्या. दोघांनींहि यांपैकीं एकहि देश पाहिलेला नव्हता. भारताचा संघ १९५० सालीं संधि असूनहि त्या स्पर्धेस गेला नाहीं, व पुढेंहि तिच्या मुख्य फेऱ्यांत कधीं खेळला नाहीं. तेव्हां आपणांस संघ उसनाच घ्यावा लागतो. तीन-तीन गोलांची बरोबरी होऊन पेनल्टींवर ४-२ असा अर्जेंटिनाचा जय झाला, तेव्हां वृद्ध सासूबाई अर्धवट थट्टेनें म्हणाल्या, “नवऱ्याच्या विरुद्ध बाजू घ्यावी, हें कांहीं बरें दिसत नाहीं हो.” सूनबाई उत्तरल्या, “आई, आडनांव बदललेंच आहे. संघ तरी माझा राहूं द्या.” सर्व हंसले, पण बाईंच्या स्वरांत थट्टेहून कांहीं निराळें होतें, असें आम्हांस वाटलें.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक सम्राट् पहिला प्रवरसेन याच्या मागें राज्य विभागलें गेलें व त्याचा पुत्र सर्वसेन याच्या वंशानें येथें राजधानी केली; दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं याच गांवीं सांपडला. परंतु आमचें मन त्या रात्रीं गेलें तें थोरल्या शाखेकडे, रामटेकजवळच्या नंदिवर्धनाकडे. तेथील दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्तसम्राट् दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पति अकालीं निवर्तल्यावर बाल युवराज दिवाकरसेनाच्या नांवें तिनें किमान तेरा वर्षें राज्यशकट हांकला.

त्या तेराव्या वर्षाचा तिचा ताम्रपट पुण्यास उजेडांत आला. दानपत्र वाकाटकांच्या राजधानींतून दिलेलें. तेव्हां आरंभीं वाकाटकांची वंशावळ यावयाची. येथें येते ती गुप्तांची! घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, आणि मग पिता. मातेचें नागकुलहि ती सांगते. एवढ्यावरच ती थांबत नाहीं. विवाहानंतर पतीचें गोत्र तेंच स्त्रीचें, हा शास्त्राचा रूढ नियम. वाकाटकांचें गोत्र विष्णुवृद्ध. राणी मात्र आपलें गोत्र ‘धारण’ म्हणून कोरविते, तें माहेरचें. आणि लगेच स्वतःस रुद्रसेनाची अग्रमहिषी व युवराजाची माताहि म्हणविते. म्हणजे सासर नाकारलें नाहीं. माहेर तेवढें पुसूं दिलें नाहीं.

पित्याच्या सामर्थ्याचा हा दबदबा होता, असें कोणी म्हणतील. विधवा राणीस त्या आधाराची गरज होती, हें खरेंच. पण अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूरचा तिचा ताम्रपट पाहावा. तो पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा. पुत्र गादीवर स्थिर झालेला, राज्यकारभाराची निकड सरलेली. तरी वंशावळ तीच, गोत्रहि तेंच. केवळ राजकारणानें याचा उलगडा होत नाहीं, असें आमचें मत आहे.

दैवतांचेंहि असेंच. सासरे पृथिवीषेण शिवभक्त. रुद्रसेनाचें वैभव मात्र लेखांत चक्रपाणीच्या प्रसादाचें म्हटलें आहे, आणि राणी तर विष्णूची परमभक्त. पत्नीच्या भक्तीनेंच राजा विष्णूकडे वळला असावा, हें अनुमान आम्हांस पटतें. पुत्र प्रवरसेन पुनः शंभूकडे गेला. त्याच्या ताम्रपटांत वाकाटकांची वंशावळ यथास्थित आहे. आई तेथें देवगुप्ताची, म्हणजे चंद्रगुप्ताचीच, कन्या म्हणून येते. मायलेकांचे ताम्रपट शेजारीं ठेवले तर घराण्याचा आरंभ दोन निराळ्या ठिकाणीं होतो.

हें सारें आम्हीं त्या रात्रीं चहा घेतां घेतां सांगितलें. यजमान पराभवानें अद्याप उदासच होते. सूनबाईंनीं ‘धारण’ हा शब्द दोनदां विचारून घेतला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “आणि तिची सासू काय म्हणाली?”

त्याविषयीं ताम्रपटांत एक अक्षर नाहीं.