मोहोर-राखण (पेण-रोहा)

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत हिवाळ्यात आंब्याचा मोहोर आणि नवी कलमे जपण्यासाठी केली जाणारी कामे. थंड देशांत केळीसारखी नाजूक झाडे हिवाळाभर पेंढ्यात गुंडाळून ठेवतात. निफाडकडे पारा फार उतरला की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. पेण-रोह्यात थंडीने आंब्याचे झाड मरत नाही. इथे जपायचा असतो तो मोहोर.

हापूसला मोहरायला थंडी लागतेच. पावसानंतर जमिनीतली ओल तुटली आणि रात्री गार होऊ लागल्या, की जून काडीच्या शेंड्याला बोंगा, म्हणजे मोहराचा कोंब, फुटतो. या काळात मोठ्या झाडाला पाणी देऊ नये. दिल्यास मोहराऐवजी पालवी येते. मात्र पारा बरेच दिवस 15 अंश सेल्सिअसखाली राहिला, तर मोहरात नर फुले वाढतात, संयुक्त (द्विलिंगी) फुले घटतात आणि फळधारणा कमी होते. थंडी लांबली, तर कणी किंवा वाटाण्याएवढे फळ धरलेल्या काडीवरच पुन्हा मोहोर येतो. झाडाचा अन्नरस त्याकडे वळतो आणि आधीची फळे गळतात. हा पुनर्मोहोर सर्वांत जिव्हारी लागतो, कारण जी जातात ती चांगल्या भावाची आगाप फळे. त्यावर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस जिब्रेलिक आम्लाची आहे: 1 ग्रॅम आम्ल थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात मिसळायचे आणि मोहोर पूर्ण उमलल्यावर एकदा, फळे वाटाण्याएवढी झाल्यावर दुसऱ्यांदा फवारायचे.

थंडीहूनही वाईट ढगाळ हवा, कारण तिच्यात रस शोषणारे तुडतुडे आणि भुरी हा बुरशीचा रोग वाढतो. ती आली की रोज बागेत फिरावे. फांदी हलवताच तुडतुडे तडतडत उडतात. खालची पाने त्यांच्या चिकट्याने चकाकतात आणि पुढे त्यावर काजळी धरते. भुरी असेल तर मोहराच्या दांड्यावर पांढरी पिठी दिसते. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. कीटकनाशकाची फवारणी बोंगे फुटतानाच उरकावी. फुललेल्या मोहरावर ती टाळावी, कारण आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्या करतात आणि त्या मेल्या तर नुसता मोहोर राखून काही हाती लागत नाही.

फळे वाटाण्याएवढी झाली की मोठ्या झाडाला दर 15 दिवसांनी 150 ते 200 लिटर पाणी तीन-चार वेळा द्यावे आणि आळ्यात गवत पसरावे. नव्या कलमांची गोष्ट वेगळी: त्यांना पाऊस थांबल्यापासूनच पाणी लागते. नारळाच्या झापांची सावली आणि भाताच्या पेंढ्याचे आच्छादन हे इथल्या घरचे साहित्य. पेंढा मात्र बुंध्याला टेकवू नये, वाळवी लागते.

हिवाळ्यातले एक काम मात्र अनेक जण पुढे ढकलतात. डोंगरउतारावरचे गवत डिसेंबरपासून वाळते आणि वणवे लागतात. बागेच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढली नसेल, तर फवारणी, पाणी, मजुरी सारे एका दुपारी जळून जाते. रायगडच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. जळालेल्या कलमाला त्याचा उपयोग नाही. जाळरेषा मोहोर फुटण्याआधीच काढा.